भूकंपात किती घरं पडली, हे मोजतात कसं? आणि पडलेल्या घरांइतके तंबू का पुरत नाहीत?

भूकंपाची बातमी आली की तासाभरात आपल्या फोनवर दोन आकडे येतात. एक भूकंपाच्या तीव्रतेचा आणि दुसरा मृतांचा. पडलेल्या घरांचा आकडा जरा उशिरा येतो आणि तो रोज बदलतो. सकाळी 'शेकडो घरं जमीनदोस्त', संध्याकाळी 'हजारो', आठवड्याभरानं 'लाखो'.

मग ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "सरकार आकडे लपवतंय का?" दुसरं कुणी उत्तर देतं, "मदत मिळावी म्हणून फुगवलेत."

या दोन्ही गोष्टी कधीकधी घडतात. पण आकडा बदलण्याचं नेहमीचं कारण वेगळं असतं. दर टप्प्यावर मोजणारा बदलतो, मोजायची पद्धत बदलते आणि 'घर पडलं' याचा अर्थही बदलतो. हा आकडा कसा तयार होतो हे समजून घ्यायला हवं, कारण त्यावरून किती ताडपत्र्या पाठवायच्या, कुणाला अनुदान द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरतं. यादीत नाव नसेल, तर पडलेलं घर सरकारी हिशेबात पडलेलंच नसतं.

हे समजून घेण्यासाठी २०१५ च्या नेपाळ भूकंपाचं उदाहरण पाहू. तिथली मोजणी टप्प्याटप्प्यानं झाली आणि तिचे तपशील मोठ्या प्रमाणात सगळ्यांसाठी खुले आहेत.

नेपाळमध्ये काय झालं होतं?

२५ एप्रिल २०१५, शनिवार. सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुट्टीचा दिवस असल्यानं शाळा बंद होत्या आणि गावांतली बरीच माणसं घराबाहेर, शेतात होती. तरीही जवळपास ९,००० जणांचा जीव गेला आणि २२,००० हून जास्त लोक जखमी झाले. लोक सावरतात न सावरतात तोच १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला.

एकूण ३१ जिल्ह्यांना झळ बसली. त्यातल्या १४ जिल्ह्यांचं नुकसान सर्वांत जास्त होतं.

जूनमध्ये नेपाळच्या राष्ट्रीय योजना आयोगानं जागतिक संस्थांच्या मदतीनं आपत्तीनंतरच्या गरजांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात पूर्ण पडलेली घरं ४,९८,८५२ आणि अंशतः नुकसान झालेली घरं २,५६,६९७ असल्याचं म्हटलं होतं. एकूण नुकसान आणि तोटा मिळून सुमारे ७०६ अब्ज नेपाळी रुपये, म्हणजे साधारण ७ अब्ज डॉलर. त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या घरांचा होता.

पुढे अनुदानासाठी पात्र ठरलेल्यांचा आकडा आठ लाखांच्या पुढे गेला. म्हणजे पूर्ण आणि अंशतः पडलेल्या घरांची बेरीज केली, तरी त्याहून जास्त. हे कसं झालं, ते पुढे येईलच.

पहिल्या तासात आकडा येतो कुठून?

पहिल्या तासात कुणीही घरं मोजलेली नसतात. तेव्हा येतो तो अंदाज, आणि तो गणिताचा असतो.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची 'पेजर' नावाची यंत्रणा आहे. मोठा भूकंप झाला की साधारण अर्ध्या तासात ती हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा देते. लाल इशारा म्हणजे हजार किंवा त्याहून जास्त मृत्यूंची किंवा अब्ज डॉलरहून जास्त नुकसानीची शक्यता.

यासाठी तीन गोष्टी एकत्र केल्या जातात.

• कुठल्या भागात जमीन किती जोरात हलली, याचा नकाशा.
• त्या भागात किती लोक राहतात, याची माहिती.
• तिथली घरं कशाची आहेत आणि तशी घरं आधीच्या भूकंपांत किती टिकली, याचा अनुभव.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि मिळायला सर्वांत अवघड. तीव्रता तीच असली, तरी लाकडी घरांच्या गावात आणि माती-दगडाच्या घरांच्या गावात नुकसानीचं चित्र अगदी वेगळं असतं.

नेपाळच्या आढाव्यातले आकडे पाहा. पूर्ण पडलेल्या ४,९८,८५२ घरांपैकी ४,७४,०२५ घरं कमी मजबुतीच्या बांधकामाची होती. म्हणजे मुख्यतः चिखलमातीत रचलेल्या दगड-विटांच्या भिंतींची. सिमेंटमध्ये बांधलेली १८,२१४ आणि आरसीसीची फक्त ६,६१३. दर १०० पडलेल्या घरांमागे ९५ घरं एकाच प्रकारची.

म्हणून भूकंपाआधीच्या जनगणनेत 'घराच्या भिंती कशाच्या आहेत?' हा साधा प्रश्न नीट विचारलेला असेल, तर भूकंपानंतरचा पहिला अंदाज बराच चांगला येतो. तो प्रश्न नीट विचारला नसेल, तर संगणक कितीही मोठा असला तरी अंदाज फसतो.

उपग्रहाला पडलेलं घर दिसतं का?

दिसतं, पण सगळं नाही.

मोठ्या आपत्तीनंतर वेगवेगळ्या देशांच्या अवकाश संस्था आपल्या उपग्रहांची छायाचित्रं मदतकार्यासाठी देतात. त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे आणि इस्रो त्याची सदस्य आहे. नेपाळच्या वेळी जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या ही छायाचित्रं पाहून 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशावर रस्ते आणि घरं रेखाटली. काठमांडूतल्या तरुणांची 'काठमांडू लिव्हिंग लॅब्स' ही संस्था त्यात पुढे होती. ज्या डोंगरी गावांचे नीट नकाशेही नव्हते, तिथे पोहोचायला या कामाचा मोठा उपयोग झाला.

पण उपग्रह वरून पाहतो. त्याला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. चार मजली इमारतीचा तळमजला चिरडला गेला आणि वरचे तीन मजले तसेच खाली बसले, तर वरून छप्पर शाबूत दिसतं. डोंगरातल्या दगडी घराची एक भिंत बाहेर कलंडली आणि पत्रा जागेवर राहिला, तरी तेच. ढग असतील, तर साध्या छायाचित्रात काहीच दिसत नाही. म्हणून उपग्रहावरून काढलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी असतो.

जिथे माणसं पोहोचू शकत नाहीत, तिथे मात्र उपग्रहाला पर्याय नसतो. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमध्ये मंडाले आणि सगाईंगच्या भागात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा देशात गृहयुद्ध सुरू होतं. अनेक ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी करणंच कठीण होतं. अशा वेळी वरून दिसणाऱ्या चित्रावरच बरीच भिस्त ठेवावी लागते.

'पूर्ण' आणि 'अंशतः' ही रेष कोण ओढतं?

यानंतर माणसं गावात पोहोचतात. सुरुवातीच्या याद्या स्थानिक कर्मचारी करतात. आपल्याकडे तलाठी पंचनामा करतो, तसंच. त्याच्याकडे वेळ कमी असतो, गावं जास्त असतात आणि तो अभियंता नसतो. ढिगारा झालेलं घर त्याला ओळखता येतं. उभ्या असलेल्या, पण तडे गेलेल्या घराचं काय लिहायचं?

अभियंत्यांची एक पद्धत आहे. नुकसानीचे पाच दर्जे करायचे.

• पहिला दर्जा: केसासारख्या बारीक भेगा.
• दुसरा: बऱ्याच भिंतींना तडे, गिलाव्याचे पोपडे पडलेले.
• तिसरा: बहुतेक भिंतींना मोठे, लांबवर गेलेले तडे.
• चौथा: भिंती ढासळलेल्या, छताचा काही भाग खाली आलेला.
• पाचवा: घर जमीनदोस्त किंवा त्याच्या जवळपास.

पहिल्या आणि पाचव्या दर्जावर वाद होत नाही. सगळा वाद तिसऱ्या दर्जावर होतो. हे घर दुरुस्त करता येईल, की पाडूनच बांधावं लागेल? एक अभियंता 'दुरुस्ती' लिहितो, दुसरा 'पुनर्बांधणी'. कागदावर हा एका शब्दाचा फरक आहे. त्या कुटुंबासाठी तो लाखो रुपयांचा फरक आहे.

नेपाळमध्ये २०१६ पासून केंद्रीय सांख्यिकी विभागानं घरोघरी जाऊन नवं सर्वेक्षण केलं. अभियंते टॅबलेट घेऊन गेले. घराचं ठिकाण, फोटो, भिंतींचा प्रकार, नुकसानीचा दर्जा आणि राहणाऱ्या कुटुंबांची माहिती नोंदवली गेली. काठमांडू खोऱ्याबाहेरच्या ११ जिल्ह्यांत मिळून ७,६२,१०६ इमारतींची नोंद झाली. ही माहिती नंतर, लोकांची नावं काढून, सगळ्यांसाठी खुली करण्यात आली.

एवढं काटेकोर काम आधीच का केलं नाही? कारण त्याला वेळ लागतो. आणि उघड्यावर झोपलेल्या माणसाला वर्षभर थांबायला सांगता येत नाही. म्हणून मोजणी दोनदा होते. एकदा घाईत, जीव वाचवण्यासाठी. दुसऱ्यांदा सावकाश, पैसे वाटण्यासाठी. घाईतल्या यादीवरून अनुदान वाटायला गेलं की भांडणं होतात. आणि सावकाश होणाऱ्या यादीची वाट पाहत ताडपत्र्या अडवून ठेवल्या, तर माणसं मरतात.

२०० घरं पडली, तर २०० तंबू पुरतील?

आता निवाऱ्याच्या गणिताकडे येऊ. समजा, एक काल्पनिक गाव आहे. गावात ५०० घरं आहेत. पण एका घरात दोन भावांच्या चुली असू शकतात, म्हणून कुटुंबं ६०० आहेत. एका कुटुंबात सरासरी साडेचार माणसं धरू.

भूकंपात २०० घरं पूर्ण पडली आणि १५० घरांचं अंशतः नुकसान झालं. बातमी येते, '२०० घरं जमीनदोस्त'. कुणीतरी २०० तंबू पाठवतं. आता हिशेब करा.

पडलेल्या २०० घरांत २४० कुटुंबं राहत होती. अंशतः नुकसान झालेल्या १५० पैकी समजा ९० घरं राहण्यासारखी उरली नाहीत. त्यात १०८ कुटुंबं. म्हणजे एकूण ३४८ कुटुंबं, सुमारे १,५६६ माणसं बेघर झाली.

यातली काही कुटुंबं पाहुण्यांकडे जातील. एक चतुर्थांश, म्हणजे ८७ कुटुंबं गेली असं धरलं, तरी २६१ कुटुंबं उरतात. २०० तंबू आले, तर ६१ कुटुंबं उघड्यावर.

ताडपत्री पाठवायची असेल, तर हिशेब आणखी पुढे जातो. मदतकार्यात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'स्फिअर' निकषांनुसार एका माणसाला किमान साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा हवी. थंड प्रदेशात, जिथे स्वयंपाकही आतच करावा लागतो, तिथे याहून जास्त. साडेचार माणसांच्या कुटुंबाला साधारण पावणेसोळा चौरस मीटर. मदतीत येणारी ताडपत्री सहसा ४ बाय ६ मीटरची असते. ती अंथरली तर २४ चौरस मीटर. पण तिचं दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर केलं, की खालची जागा बरीच कमी होते आणि दोन्ही तोंडं उघडीच राहतात. म्हणून एका कुटुंबाला दोन ताडपत्र्या धरतात. शिवाय दोर, बांबू आणि खिळे. आपल्या या छोट्या गावाला ५२२ ताडपत्र्या लागतील.

या हिशेबातली प्रत्येक पायरी हा अंदाज आहे. एका घरात किती कुटुंबं? अंशतः पडलेल्यांपैकी किती घरं राहण्यालायक? किती लोक पाहुण्यांकडे जातील? यातला एक आकडा थोडा चुकला, तरी एका गावात काही डझन कुटुंबांचा फरक पडतो. पाच हजार गावांत तोच फरक लाखोंचा होतो.

निवाऱ्याची गरज रोज का बदलते?

वरच्या गावात पहिल्या रात्री किती निवारे लागतील? २६१ नाही. ६००. कारण पहिल्या रात्री कुणीच घरात झोपत नाही. ज्याच्या घराला साधा ओरखडाही नाही, तोही अंगणात, मैदानात, रस्त्यावर झोपतो. भूकंपानंतरचे छोटे धक्के सुरू असतात आणि भिंतीवरचा विश्वास उडालेला असतो.

आठवड्याभरात काही लोक घरी परततात आणि गरज कमी होते. मग मोठा धक्का बसला की पुन्हा वाढते. नेपाळमध्ये १२ मे रोजी हेच झालं. परतलेली माणसं पुन्हा बाहेर आली. आधीच कमकुवत झालेली घरं, विशेषतः दोलखा आणि सिंधुपालचोक भागात, या धक्क्यानं पडली. ११ मेची यादी १२ मेला जुनी झाली.

त्यानंतर ऋतू बदलतो. एप्रिलमध्ये ताडपत्रीखाली निभावतं. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की डोंगरउतारावरचा तंबू दरडीच्या वाटेत येतो आणि पत्र्याची गरज पडते. डिसेंबरमध्ये पत्र्याखाली थंडी सोसवत नाही आणि ब्लँकेट, गादी, आडोसा लागतो. नेपाळ सरकारनं म्हणूनच तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे १५,००० नेपाळी रुपये आणि थंडीसाठी आणखी १०,००० रुपये दिले.

पक्क्या घरासाठीचं अनुदान आधी २ लाख आणि नंतर ३ लाख नेपाळी रुपये ठरलं. ते तीन हप्त्यांत मिळणार होतं. ५० हजार, दीड लाख आणि १ लाख. पुढचा हप्ता मिळण्यासाठी बांधकाम भूकंपरोधक आहे, असं अभियंत्यानं तपासून सांगणं गरजेचं होतं. पण पहिला हप्ता मिळायला सुरुवात होईपर्यंत जवळपास वर्ष गेलं. पुनर्निर्माण प्राधिकरण प्रत्यक्ष उभं राहायलाच २०१५ चा डिसेंबर उजाडला. मध्ये एक पावसाळा आणि एक हिवाळा लोकांनी पत्र्याखाली काढला.

'तात्पुरता' हा शब्द म्हणूनच जपून वापरायला हवा. निवाऱ्याचा अंदाज काढताना 'किती कुटुंबांना?' याच्या शेजारी 'किती महिने?' हा प्रश्न नसेल, तर अंदाज अर्धाच राहतो.

एकाच भूकंपाचे दोन आकडे, दोन्ही खरे?

हो, असं होऊ शकतं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमाभागात ७.८ आणि ७.५ तीव्रतेचे दोन भूकंप एकाच दिवशी झाले. एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून जास्त लोकांचा बळी गेला.

तीन आठवड्यांत जागतिक बँकेनं अंदाज दिला. तुर्कस्तानातलं थेट नुकसान ३४.२ अब्ज डॉलर. मार्चमध्ये तुर्कस्तान सरकारचा अहवाल आला. त्यातला आकडा १०३.६ अब्ज डॉलर. तिप्पट!

समाजमाध्यमांवर यातला एक आकडा उचलून दुसऱ्याला खोटं ठरवणं सोपं आहे. पण दोघांनी वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या. पहिला आकडा फक्त इमारती आणि सुविधांच्या थेट नुकसानीचा होता. दुसऱ्यात त्याशिवाय मदतकार्याचा खर्च, ढिगारा उपसणं, बुडालेलं उत्पन्न असा अर्थव्यवस्थेवरचा व्यापक भार धरलेला होता.

तुर्कस्ताननं आणखी एक धडा दिला. नेपाळच्या गावात एक इमारत म्हणजे एक घर, फार तर दोन कुटुंबं. अंताक्या किंवा कहरामनमराशसारख्या शहरात एक इमारत म्हणजे वीस-तीस फ्लॅट. त्यामुळे '१०० इमारती कोसळल्या' या वाक्याचा अर्थ गावात शंभरेक कुटुंबं आणि शहरात दोन-तीन हजार कुटुंबं असा होऊ शकतो. आकडा 'इमारतीं'चा आहे की 'सदनिकां'चा, हे पाहिल्याशिवाय दोन भूकंपांची तुलना करता येत नाही.

यादीतून कोण राहून जातं?

मोजणीत चूक दोन्ही बाजूंनी होते. मदत मिळते आहे म्हटल्यावर एका कुटुंबाची कागदावर तीन कुटुंबं होतात. नेपाळमध्येही मदत वाटताना अशी विभागणी झाल्याच्या तक्रारी होत्या. पण जास्त नुकसान दुसऱ्या बाजूच्या चुकीनं होतं, कारण तिथे ज्याचं नाव सुटतं तो सहसा बोलण्याच्या स्थितीत नसतो.

भाडेकरू. घर पडलं ते मालकाचं, असं यादी म्हणते. त्यात राहणारं कुटुंब मात्र रस्त्यावर येतं. काठमांडू खोऱ्यात हजारो कुटुंबं भाड्यानं राहत होती. घरबांधणीचं अनुदान मालकासाठी होतं.

कागद नसलेले. आपल्याकडे सातबारा, तसा नेपाळमध्ये जमिनीचा लालपुर्जा. तो ढिगाऱ्यात गेला, आजोबांच्याच नावावर राहिला किंवा मुळातच नव्हता, तर अनुदानाचा करार अडतो. अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन दुसऱ्याच्या नावावर असते. भूमिहीनांना जमीन घेण्यासाठी वेगळी मदत देण्याची तरतूद पुढे करावी लागली.

एकट्या बायका. नेपाळच्या डोंगरी गावांतले कितीतरी पुरुष आखाती देशांत, मलेशियात किंवा भारतात कामाला असतात. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बँक खातं नाही आणि पाहणीच्या दिवशी ती शेतात. नाव सुटायला एवढं पुरतं.

जे गाव सोडून गेले. पाहणीला अभियंता येतो तेव्हा कुटुंब शहरात नातेवाइकांकडे असतं. दाराला कुलूपही नसतं, कारण दारच नसतं. मग शेजारी जे सांगेल, ते लिहिलं जातं.

म्हणूनच कुठल्याही यादीइतकीच तिच्यावरच्या तक्रारींची व्यवस्था महत्त्वाची असते. नेपाळमध्ये तक्रारींचा ढीग साचला, फेरतपासणी झाली आणि पात्र लोकांची संख्या वाढत गेली. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आकडा आठ लाखांच्या पुढे गेला, कारण एका पडलेल्या घरात एकाहून जास्त कुटुंबं निघाली, 'अंशतः' लिहिलेली घरं तपासल्यावर राहण्यालायक नव्हती आणि आधी सुटलेली नावं नंतर आली.

किल्लारीनं काय शिकवलं?

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे नेपाळपेक्षा कितीतरी कमी. तरी जवळपास ८,००० माणसं गेली. माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि छतावरचा मातीचा थर झोपलेल्या माणसांवर कोसळला. तीव्रतेपेक्षा भिंत कशाची आहे याला महत्त्व असतं, ते असं.

पुनर्वसनासाठी गावांचे गट करण्यात आले. सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. काही गावं होती तिथेच पुन्हा बांधली. आणि तिसऱ्या गटात दोन हजारांहून जास्त गावांमधल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण होतं.

म्हणजे बातम्यांत दिसली ती मुख्यतः पहिल्या गटातली गावं. संख्येनं सर्वांत मोठं काम मात्र तडे गेलेल्या, उभ्या असलेल्या घरांचं होतं. पडलेल्या घराचा फोटो येतो. तडा गेलेल्या घराचा येत नाही, पण माणसं त्यात झोपायला घाबरत असतात.

नव्या जागी वसवलेल्या गावांत घर किती मोठं मिळणार, हे आधीच्या जमिनीवरून ठरलं. २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. कमी जमीन, छोटं घर. भूकंपानं सगळ्यांच्या भिंती सारख्याच पाडल्या होत्या, पण भरपाईच्या तक्त्यात गावची जुनी उतरंड जशीच्या तशी आली. काय मोजायचं आणि कशावरून द्यायचं, हा फक्त तांत्रिक प्रश्न नसतो, तो असा.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुतेक घरमालकांना हप्त्यानं पैसे देऊन स्वतःचं घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधू देण्यावर भर राहिला. नेपाळनं पुढे हाच मार्ग घेतला. या पद्धतीत घर कुटुंबाच्या गरजेनुसार होतं, पण पहिली यादी अचूक असणं आणखी महत्त्वाचं ठरतं. कारण गावासाठी घरं बांधली तर एखादं नाव नंतरही जोडता येतं, इथे मात्र यादीत नाव नाही म्हणजे हप्ताच नाही.

पुढच्या वेळी असा आकडा आला, तर काय पाहाल?

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. हा अंदाज आहे की मोजणी? पहिल्या एक-दोन दिवसांतला मोठा आकडा बहुतेक वेळा गणिती अंदाज असतो. तो खोटा नसतो, पण तो मोजलेलाही नसतो.

२. कशाचा आकडा आहे? इमारती, घरं, सदनिका की कुटुंबं? चारही वेगळे आहेत.

३. 'नुकसान' म्हणजे काय धरलंय? पूर्ण पडलेली, की अंशतः पडलेलीही? की सगळी एकत्र?

४. किती भाग पाहून झाला? आकडा वाढत असेल, तर बहुतेक वेळा दूरच्या गावांची माहिती येत असते. डोंगराळ भागात सर्वांत जास्त नुकसान झालेल्या गावाची बातमी कधीकधी सर्वांत शेवटी येते, कारण रस्ताच तुटलेला असतो.

५. कोणत्या तारखेचा आहे? मोठा धक्का बसल्यावर आधीची यादी जुनी होते.

नेपाळ यातून शिकला का?

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळमधल्या जाजरकोट आणि रुकुम पश्चिम भागात भूकंप झाला. नेपाळच्या यंत्रणेनुसार तीव्रता ६.४, अमेरिकी संस्थेनुसार ५.७. दीडशेहून जास्त माणसं गेली. पुन्हा तीच चिखलमातीतली दगडी घरं पडली. सुमारे २६,००० घरं पूर्ण आणि ३५,००० अंशतः.

तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पडलेल्या घरामागे ५० हजार नेपाळी रुपये दोन हप्त्यांत देण्याचं सरकारनं ठरवलं. आता पद्धत माहीत होती, अनुभवी अभियंते होते, आधीच्या भूकंपाची लाखो घरांची खुली माहिती होती. तरी पक्क्या घरांच्या यादीचं काम रेंगाळलं आणि वर्ष उलटल्यावरही हजारो कुटुंबं पत्र्या-ताडपत्रीच्या निवाऱ्यातच होती. दरम्यान डोंगरातला एक अख्खा हिवाळा जाऊन दुसरा आला होता.

पुनर्निर्माण प्राधिकरणाची मुदत २०२१ च्या डिसेंबरमध्ये संपली होती. आठ लाखांहून जास्त घरमालकांची यादी हाताळलेली यंत्रणा, पुढचा भूकंप झाला तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मोजायचं कसं, हे नेपाळला आठ वर्षांत नीट कळलं होतं. मोजणारी माणसं टिकवून ठेवणं मात्र राहून गेलं.